वखारभागातल्या सुताराने नातीसाठी करून दिलेली खुर्ची

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच. ज्यांच्या घरात अकॉन्ड्रोप्लाझिया (हाडांची वाढ कमी होऊन हातपाय आखूड राहणारा जन्मजात आजार) असलेलं तान्हं बाळ आहे, त्यांनी एवढं तरी वाचा: बाळाला टेकून ठेवायला काही घ्यायचं असेल तर दुकानातलं तयार उचलून आणू नका, माप देऊन करून घ्या. सांगलीत असं करून देणारा माणूस आहे. नाव-नंबर टाकू नका म्हणाले ("मग दिवसभर मोबाईलच वाजतोय बाई, काम कवा करायचं?"), म्हणून टाकत नाही. वखारभागात या, बाहेर अर्धवट पॉलिश झालेले देव्हारे मांडून ठेवलेलं दुकान विचारा. २०१९च्या पुरापासून चांगलं लाकूड ते खाली ठेवतच नाहीत, सगळं माळ्यावर. त्यामुळे आत गेल्यावर दुकान रिकामं वाटेल, फसू नका.

मी आरोग्यसेविका होते, बहुतेक नोकरी जत तालुक्यात गेली. वजनकाटा आणि लशींची पेटी घेऊन वाड्या-वस्त्या फिरले. तरी हा आजार नोकरीत कधी पाहिला नव्हता, आणि ते साहजिकच. पंचवीस-तीस हजार जन्मांत एखादं बाळ असं असतं. आमच्याकडे ते लेकीच्या पोटी आलं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत काही नव्हतं. सातव्या महिन्यानंतरच्या सोनोग्राफीत मांडीचं हाड मागे पडलेलं दिसलं, डोकं मात्र मोठं. जन्मानंतर रक्त तपासायला गेलं आणि एफजीएफआर-३ या जनुकातला बदल कागदावर आला. हे जनुक हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढ आवरून धरतं. आमच्या नातीमध्ये ते ही वाढ गरजेपेक्षा जास्त आणि सतत आवरत राहतं. म्हणून दंड आणि मांड्या आखूड, धड जवळजवळ नेहमीसारखं आणि डोकं मोठं. या जनुकाचा आणि आजाराचा संबंध १९९४ मध्ये सापडला, म्हणजे माझ्या नोकरीच्या सुरुवातीला हे कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

आजार आनुवंशिक आहे म्हटल्यावर पाहुणे लगेच "कुणाकडून आला" हे शोधायला बसले. जावयाच्या घरच्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या घरच्यांनी त्यांच्याकडे. दोन्हीकडचे सगळे चांगले उंच आहेत. अशी साधारण ८० टक्के बाळं सर्वसाधारण उंचीच्या आई-बापांनाच होतात, बदल त्या बाळापासूनच नव्याने सुरू होतो. पुढे नातीला मूल झालं तर त्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी. ग्रहणाचा संबंध नाही, लेकीने डोहाळ्यात काय खाल्लं त्याचाही नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता दारात पाहुणा दिसला की मीच आधी सुरू करते.

आता खुर्चीकडे येते, कारण परीक्षण खुर्चीचं आहे.

या बाळांचे स्नायू सैल असतात, डोकं जड असतं आणि कमरेच्या वर, जिथे छातीचे मणके संपून कंबरेचे सुरू होतात तिथे, पाठीला बाक येतो. पहिल्या वर्षात बहुतेक सगळ्यांनाच येतो. मूल चालायला लागलं की बहुतेकांचा जातो, पण काहींचा राहतो आणि पुढे मज्जारज्जूवर दाब आणतो. तो राहू नये म्हणून एकच मोठी काळजी: बाळाची पाठ स्वतःहून ताठ राहीपर्यंत त्याला बसतं करायचं नाही. उशा लावून नाही, कोपऱ्यात टेकवून नाही, मांडीवर पुढे झुकवून नाही. पाठ गोल होईल अशा मऊ कापडी गोष्टींत ठेवायचं नाही. म्हणजे झोळी बंद. आमच्या घरात आजवर प्रत्येक बाळ झोळीत वाढलंय, कडीसुद्धा तीच. ती कडी मी स्वतः काढून ठेवली, नाहीतर कुणीतरी दुपारी हळूच साडी बांधली असती.

दुसरी काळजी मानेची. कवटीला खाली जे भोक असतं, ज्यातून मज्जारज्जू उतरतो, ते या बाळांत अरुंद असतं. तिथे दाब आला तर झोपेत श्वास अडखळतो. पहिल्या वर्षात याचीच धास्ती सर्वांत मोठी, म्हणून एमआरआय आणि झोपेची तपासणी पुण्याला करून घेतली. मान पुढे मुडपणार नाही, डोक्याला हिसके बसणार नाहीत, एवढं पाहायचं. आमची मालिशवाली पाय धरून ओढायला निघाली, "ओढलं की लांब होतात" म्हणून. तिला त्या दिवशीचे पैसे दिले आणि परत बोलावलं नाही. तेल मीच लावते, हलक्या हाताने.

बाळ सहा महिन्यांकडे झुकलं तसं घरात "बसवा की आता" सुरू झालं. सारखं आडवं ठेवलं की तीही कंटाळायची, तिला माणसं बघायची असतात. मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं, टेकून चालेल, पण मागची पाठ कडक हवी आणि जमिनीपासून ४५ अंशांच्या वर उठवायची नाही. त्या सांगतील तेव्हाच पुढे. मग बाजार हिंडले.

बाजारात सगळं वयावर विकतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती महिन्यांचं?" सहा सांगितलं की सहावाली काढून देतो. मागे-पुढे झुलणाऱ्या खुर्च्यांचं कापड झोळीसारखंच खाली लोंबतं, त्यात बसवलं की पाठ धनुष्यासारखी. छत्रीच्या दांड्यासारखी मिटणारी बाबागाडी हलकी आणि स्वस्त, पण पाठीला आधार म्हणून नुसता कापडाचा पट्टा. कडक प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पण बैठक इतकी खोल की मांडी आखूड असलेल्या बाळाचा गुडघा कडेपर्यंत पोचतच नाही. पाय सरळ काठीसारखे पुढे राहतात, बाळ घसरतं आणि पाठ पुन्हा गोल. लहान आकाराची घ्यावी तर बैठक बरोबर येते आणि पाठ तोकडी पडते, डोकं वर निघून जातं. या बाळाचं धड एका मापाचं, मांडी दुसऱ्या, डोकं तिसऱ्या. तयार वस्तू तिन्ही मापं एकदम लहान-मोठी करते, इथेच सगळं चुकतं. एका दुकानदाराने तर चाकाचा वॉकर पुढे केला, "पाय मोकळे होतील" म्हणून. वॉकर धडधाकट पोरालाही देऊ नये असं मी नोकरीत असताना सांगत आले, तो काय आणते.

मिस्त्रींकडे गेले ते खरं तर देव्हाऱ्याची दुरुस्ती न्यायला. बोलता बोलता हे निघालं. त्यांचं पहिलं मत अगदी सगळ्यांसारखंच: "बाई, सरळ पाठीची करतो, बसवलं की कणा आपोआप ताठ हुतोय." मी म्हटलं, होत नाही, उलटा बाकतो, आणि का ते सांगितलं. माणूस हट्टी नाही हे तेव्हा कळलं. थोडा वेळ रंधा बाजूला ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "मग पोरीलाच आणा. तुमच्या तोंडी मापावर मी लाकूड कापत न्हाई."

नातीला घेऊन गेलो. त्यांनी मशीन बंद केलं, सतरंजी झटकून अंथरली, तिला उताणं निजवायला सांगितलं आणि टेपने मापं घेतली: ढुंगणापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून टाळूपर्यंत, ढुंगणापासून गुडघ्याच्या वाकापर्यंत, डोक्याची रुंदी. इंच आणि सुतात, प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने. वय विचारलंच नाही. शेवटी मीच सांगितलं, तर म्हणाले, "वयाचं काय, ते रोज बदलतंय." मग पुठ्ठ्याची खुर्ची कापली आणि तिला त्यात टेकवून बाजूने पाहिली. बैठक पुठ्ठ्यातही अर्धा इंच जास्त निघाली, ती तिथेच कापली. असं कुठल्या दुकानात होतं मला सांगा.

तयार झाली ती अशी. पाठ आणि बैठक १२ एमएम प्लायची, सांगाडा सागवानाच्या पट्ट्यांचा, कडा सगळ्या गोल मारलेल्या. पाठीवर फक्त एक इंच फोम, तोही दाबला की लगेच वर येणारा घट्ट, त्यावर रेक्झिन. डोक्याच्या जागी फोम पातळ करून उथळ खळगा ठेवलाय. हे त्यांचं स्वतःचं डोकं. या बाळांच्या डोक्याचा मागचा भाग मोठा, सपाट पाठीवर टेकवलं की डोकं पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीला लागते. खळग्यात डोकं बसलं की मान सरळ. ताईंनी पाहिलं तेव्हा त्यांनी याचाच फोटो काढून घेतला. मागे आरामखुर्चीसारख्या तीन खाचा: ३०, ४५ आणि ६० अंश. साठची खाच त्यांनी स्क्रू मारून बंद करून दिली. "घरात कोण न् कोण शहाणं निघतंय," म्हणाले. निघालंच. माझ्या विहीणबाई एकदा स्क्रू-ड्रायव्हर शोधत होत्या.

खाली रबराचे पाय आहेत, घसरत नाही. छातीला आणि कमरेला पट्टे आहेत. ही खुर्ची जमिनीवरच ठेवायची, टेबलावर नाही, आणि बाळ जागं असतानाच. झोप आली की उचलून सपाट कडक गादीवर. खुर्चीत झोपू द्यायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय.

मुलीचं उष्टावण आमच्यात सातव्या महिन्यात करतात. मामाच्या मांडीवर, पाटावर ताठ बसवून, फोटोग्राफरसमोर. तो प्रकार टळला. मामा जमिनीवर बसला, नात खुर्चीत ४५ अंशांवर, गळ्यात हार, समोर खिरीची वाटी. मामाने अंगठीने खीर चाटवली, तिने अंगठीच धरून ठेवली. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "पोर आजारी असल्यासारखं दिसतंय आडवं." मी म्हटलं, काकू, तुमच्या कमरेला पट्टा आहे ना, तो काढा आणि मग बोला. पुढे कुणी काही बोललं नाही.

त्याच मिस्त्रींनी पोटावर पालथं घालायला उताराची गादीही करून दिली. छातीखाली येते, हात पुढे मोकळे राहतात. रोज लक्ष ठेवून पालथं घातल्याने पाठीचे आणि मानेचे स्नायू घट्ट होतात. तिला ती आधी आवडायची नाही, भडंगाचा डबा समोर वाजवत बसावं लागायचं. नंतर तिने स्वतःची रीत काढली: कपाळ जमिनीला टेकवायचं, ढुंगण वर आणि पायांनी ढकलत पुढे सरकायचं. पहिल्यांदा पाहून लेक घाबरली. ही मुलं अशीच सरकतात, डोकं जड आणि हात आखूड असल्यावर दुसरं काय करणार. रांगण्याच्या, बसण्याच्या, चालण्याच्या त्यांच्या वेळा वेगळ्या. बरीच मुलं चालायला दीड ते दोन वर्षं घेतात. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिची उंची कायम तळाच्या रेघेखाली, आणि सेविकेने लेकीला "दूध कमी पडतंय का" म्हणून विचारलं. तिचा दोष नाही, मीही तसंच विचारलं असतं. या आजारासाठी उंचीचे वेगळे तक्ते आहेत, डॉक्टरांकडून मागून घ्या. आमच्या त्या तक्त्यावर बाईसाहेब अगदी मधोमध आहेत. बुद्धीला काही नाही, हेही सांगून टाकते, कारण लोक हळू आवाजात तेच विचारतात. कान मात्र सारखे फुटतात, ते तपासत राहावे लागतात.

आता पाचवा तारा. पॉलिश. बाळाची वस्तू आहे सांगूनही मिस्त्रींनी नेहमीचं पॉलिश मारलं. वास इतका की खुर्ची गच्चीत उन्हात ठेवावी लागली आणि ताईंनी दिलेली सुरुवातीची तारीख हुकली. दुसऱ्या वस्तूला मी पॉलिश मारू दिलंच नाही, नुसतं घासून घेतलं. तुम्हीही आधीच बोला. रेक्झिन पुसायला सोपं, पण सांगलीच्या एप्रिलमध्ये त्यावर बाळ भिजून निघतं. मी जुन्या सुती साडीचे अभ्रे शिवले, इलास्टिक घालून. पट्टा आधी नायलॉनचा होता, मांडीला घासायचा, तो मात्र त्यांनी काही न घेता बदलून दिला. आणि वेळ. मंगळवार म्हणाले की पुढचा शनिवार धरावा. लग्नसराईत तर विचारूच नका, सगळी दुकानं कपाटांत अडकलेली असतात.

खुर्चीचे २,६०० रुपये घेतले, उताराच्या गादीचे ७००. बिल मिळत नाही, कच्च्या कागदावर आकडा. घासाघीस मी केली नाही. पुठ्ठ्याची खुर्ची आधी फुकट कापून दाखवणाऱ्या माणसाशी कसली घासाघीस.

एक सांगून ठेवते. माझं वाचून परस्पर ४५ अंशांची खुर्ची करू नका. तुमच्या बाळाचा कोन तुमच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून घ्या. शक्य असेल तर त्यांनाच मिस्त्रींशी फोनवर बोलायला लावा, आम्ही तसंच केलं. हाडांच्या दुसऱ्या आजाराचं बाळ असेल, हाडं ठिसूळ असतील, तर सगळं गणितच वेगळं होतं.

लोक औषधाचंही विचारतात. व्होसोरिटाइड नावाचं रोज टोचायचं इंजेक्शन २०२१ पासून अमेरिका आणि युरोपात मंजूर आहे, त्याने हाडांची वाढ थोडी वेगाने होते. आमचं डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, किंमत ऐकूनच दम लागतो. उंची किती होईल ते काही आम्ही कुणाला सांगत बसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुजेपणा धरलेला आहे, मोठेपणी ४ फूट १० इंच किंवा त्याखाली उंची असली तर. त्याची कागदपत्रं होतील तेव्हा होतील. आत्ता आम्हाला संडासातल्या पायरीची जास्त काळजी आहे.

नात आता स्वतः बसते, साठची खाच कधीच उघडली आणि खुर्ची माळ्यावर गेली. हात धरून पावलं टाकते. पुढचं काम दिलंय जेवायच्या खुर्चीचं: मागे कडक पाठ आणि पायाखाली वर-खाली सरकवता येईल अशी फळी. यांचे पाय लोंबकळत ठेवायचे नसतात, पाय आणि पाठ दोन्ही दुखतात. मिस्त्रींनी फळीसाठी भोकं आत्ताच वरपासून खालपर्यंत पाडून ठेवलीत, शाळेत जाईपर्यंत पुरतील म्हणे. "गुरुवारी न्या," म्हणालेत. कुठला गुरुवार ते मी विचारून घेतलंय.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जा. सकाळी कटर चालू असतो, भुसा उडतो, लहान बाळाला त्यात नेऊ नका. चारचाकी आत जात नाही, मुख्य रस्त्यालाच लावा. मिस्त्री ऑर्डरी वहीत लिहीत नाहीत, आतल्या भिंतीवर खडूने लिहितात. आपलं नाव आणि तारीख भिंतीवर चढलेली बघितल्याशिवाय तिथून उठू नका.